व्हिएतनामचा व्हिसा 'सोपा' झाला म्हणजे नेमकं काय, आणि माळकरी आईने तिथे खायचं काय?

प्रश्न असा आलाय: "डिसेंबरात मुंबईहून आठ दिवस व्हिएतनामला जायचंय, मी, बायको आणि आई. एजंट म्हणतो त्यांनी व्हिसा फ्री केलाय, फक्त सर्व्हिस चार्ज माणशी सहा हजार. खरंय का? आणि जो तो फो फो (तिथलं नूडल्सचं सूप) करत सुटलाय, पण आई माळकरी आहे, तिला खाण्यासारखं काही असतं का की दशम्यांचा डबा बांधून न्यायचा? आणि सहज कुतूहल म्हणून, नुसता व्हिसा सोपा केला की एवढे लोक येतात का, मग आपल्या गोव्यात का नाही?"

जरा सविस्तर लिहिते, कारण व्हिसा आणि जेवण हे दोन वेगळे प्रश्न वाटतात पण दोन्हीकडे लोक एकाच गोष्टीत फसतात, ऐकीव माहितीत. मी ठाण्याची, दहा-बारा जणांचे छोटे ग्रुप घेऊन व्हिएतनामला जाते, कोविडची दोन वर्षं सोडली तर दरवर्षी किमान तीन फेऱ्या होतात. त्यामुळे खाली लिहिलंय ते बरंचसं पोळून शिकलेलं आहे.

आधी व्हिसा. फ्री नाहीये. आपल्यासाठी नाहीये. हा घोळ का होतो ते सांगते. १५ ऑगस्ट २०२३ पासून त्यांनी दोन गोष्टी एकदम केल्या. एक म्हणजे जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, जपान, दक्षिण कोरिया वगैरे १३ देशांच्या लोकांना आधी बिनव्हिसा १५ दिवस राहता यायचं ते ४५ दिवस केलं. दुसरी म्हणजे ई-व्हिसा सगळ्या देशांना उघडला आणि त्याची मुदत ३० दिवसांवरून ९० दिवस केली, वर एकदा जाऊन परत जाता येईल असा मल्टिपल एंट्रीचा पर्यायही दिला. बातम्यांत दोन्ही एकत्र आलं आणि व्हॉट्सॲपवर फिरत फिरत त्याचं 'व्हिएतनाम व्हिसा फ्री' झालं. त्यात त्याच वर्षी नोव्हेंबरात थायलंडने आणि डिसेंबरात मलेशियाने आपल्याला खरोखरच बिनव्हिसा सोडायला सुरुवात केली, मग काय, सगळं एकाच कढईत. आपण दुसऱ्या गटात, म्हणजे ई-व्हिसा काढायचा, ऑनलाइन, फी सिंगल एंट्रीला २५ डॉलर आणि मल्टिपलला ५०. तुम्हाला सिंगल पुरे. म्हणजे माणशी बावीस-तेवीसशे रुपये, उरलेले जे काय सदतीसशे ते एजंटचे. तो 'व्हिसा फ्री' म्हणत असेल तर एकतर त्याला माहीत नाही किंवा त्याला सगळं माहीत आहे, दोन्हीत मी पैसे दिले नसते.

मात्र एजंट नकोच असंही मी म्हणणार नाही, ते तुमच्यावर आहे. फॉर्म भरायला अर्धा तास लागतो, पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा स्वच्छ फोटो, चष्मा न घातलेला साधा फोटो, पहिल्या हॉटेलचा पत्ता आणि कार्ड, एवढंच. पण ज्यांना असले फॉर्म बघूनच घाम फुटतो त्यांनी हजारभर रुपये देऊन भरून घेतला तरी हरकत नाही. फक्त भरून झाल्यावर सबमिट करायच्या आधी स्वतः डोळ्याखालून घाला. आणि साइट सरकारीच हवी, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट व्हीएन असलेली. सर्च केलं की वरती वरती ज्या येतात त्यातल्या बऱ्याच खाजगी असतात, दिसतात अगदी सरकारी, झेंडा बिंडा लावून, आणि तिप्पट-चौपट घेतात.

आता चुका कुठे होतात. माझ्या अनुभवात दहातल्या आठ चुका नावाच्या असतात आणि हा खास आपला मराठी प्रॉब्लेम आहे. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकीट काढताना लोक मधलं नाव गाळतात, मग व्हिसातही गाळतात. काही ज्येष्ठांच्या पासपोर्टवर तर आडनावाचा रकानाच रिकामा, सगळं नाव एकाच ओळीत. तीन वर्षांपूर्वी माझ्या ग्रुपमधल्या एका काकांनी हौसेने स्वतःच्या ओळखीच्या एजंटकडून व्हिसा काढून घेतला, त्याने मधलं नाव खाल्लं, आणि मुंबईच्या चेक-इन काउंटरवर आम्हाला अडवलं. बाकीचे अकरा जण बोर्डिंग पास घेऊन उभे आणि काका घामाघूम. शेवटी ते तीन दिवसांनी नवा व्हिसा आणि नवं तिकीट घेऊन आले, हा लाँग बे नावाची खाडी त्यांना बघताच आली नाही. तेव्हापासून माझा नियम एकच, पासपोर्टच्या खाली मशीनने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात त्यात जे नाव आहे, जसं आहे, ते तसंच्या तसं. तुम्हाला स्वतःचं नाव कसं आवडतं हा प्रश्नच नाही.

दुसरी चूक तारखेची. व्हिसावर 'पासून-पर्यंत' अशा तारखा छापून येतात आणि 'पासून'च्या आदल्या दिवशी गेलात तर गेट बंद. ९० दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून, तुम्ही उतरल्यापासून नाही. मुंबईची बरीच विमानं रात्रीची असतात, निघायचं ९ तारखेला आणि उतरायचं १० तारखेला, मग फॉर्ममध्ये काय टाकू म्हणून लोक गोंधळतात. मी सरळ दोन-तीन दिवस आधीची तारीख टाकते, मुदत भरपूर आहे, काही बिघडत नाही. कुठल्या विमानतळावर उतरणार तेही फॉर्ममध्ये विचारतात, तिकीट हातात आल्यावरच भरा. कामाचे तीन दिवस लागतात असं म्हणतात, सहसा लागतातही तेवढेच, पण मी तीन आठवडे आधी करते कारण फोटो पुसट आहे म्हणून परत पाठवला की पुन्हा तीन दिवस. आणि नाकारला तर फी परत नाही.

फु क्वोक बेटाचं एक वेगळं आहे, तिथे कुठल्याही देशाच्या माणसाला ३० दिवस बिनव्हिसा राहता येतं, आपल्यालाही. पण फक्त बेटावर. तिथून हनोई बघून येऊ म्हणाल तर व्हिसा लागणारच. तुमच्या आठ दिवसांच्या प्लॅनमध्ये याचा उपयोग नाही, एजंटने कदाचित हेच अर्धवट वाचलं असेल.

मग नुसत्या व्हिसामुळे लोक येतात का. मला नाही वाटत, आणि सांगते का. २०१९ ला व्हिएतनाममध्ये परदेशी पर्यटक आले साधारण १ कोटी ८० लाख, कोविडनंतर २०२३ ला १ कोटी २६ लाख, २०२४ ला १ कोटी ७५ लाख आणि २०२५ ला २ कोटींच्या पुढे. युरोपातल्या माणसाला ४५ दिवसांचा नक्की फरक पडला, तो महिना-महिना हिंडतो, १५ दिवसांत त्याचं अर्धंच व्हायचं. पण आपले लोक? २०१९ ला भारतातून गेले साधारण १ लाख ७० हजार आणि २०२४ ला ५ लाख. आपल्याला तर व्हिसा माफही नाही, आणि ९० दिवसांचं आपण करणार काय, आपली रजा सहा-आठ दिवसांची. २०२४ ला शेजारी थायलंड फुकट असताना पैसे भरून लोक इकडे आले. माझ्या मते मोठा फरक पडला तो मुंबईहून थेट विमानं सुरू झाल्याने, आधी बँकॉक किंवा क्वालालंपूरला पाच-सहा तास बसायला लागायचं, ज्येष्ठ मंडळी तिथेच निम्मी गळायची. सोपा व्हिसा म्हणजे दाराची कडी काढून ठेवणं झालं, आत काही रांधलेलं असेल तर माणूस बसतो.

आणि तिथे रांधलेलं असतं, हा माझा आवडता विषय. व्हिसाचा नियम बदलला ऑगस्ट २०२३ ला, त्याच्या दोनच महिने आधी जगभरची रेस्टॉरंटं जोखणाऱ्या मिशेलिन गाइडने पहिल्यांदा हनोई आणि हो ची मिन्ह सिटीची यादी काढली आणि चार रेस्टॉरंटांना एकेक स्टार दिला. पण खरं सांगू का, व्हिएतनाममध्ये सगळ्यात चांगलं जेवण गुडघ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून मिळतं. मे २०१६ मध्ये ओबामा अध्यक्ष असताना हनोईत टीव्हीवरचा शेफ अँथनी बोर्डेन याच्याबरोबर अशाच स्टुलावर बसून बुन चा (भाजलेलं डुकराचं मांस आणि तांदळाच्या शेवया) खाऊन गेले, बिल सहा डॉलर, ते टेबल आता दुकानदाराने काचेत ठेवलंय. आपल्याकडे वडापावच्या गाडीसाठी असं कोणी केलेलं मला आठवत नाही.

आता आईंचं. इथे एक गंमत आहे. तिकडे शाकाहाराला जो शब्द आहे त्याचा उच्चार आपल्या कानाला 'चाय' असा येतो. दुकानावर 'कोम चाय' म्हणजे शाकाहारी भात-जेवण. आणि हनोईच्या उच्चारात चहा म्हणजे 'चा', आणि बुन चा मधला जो 'चा' तो भाजलेल्या डुकराच्या मांसाच्या वड्या, फक्त सूर वेगळा. म्हणजे सूर चुकला की चहा मागून काय येईल सांगता येत नाही. त्यामुळे बोलायच्या फंदात पडू नका, भाषांतराच्या ॲपवर 'मी शाकाहारी आहे, मांस नको, मासे नको, फिश सॉस नको' असं व्हिएतनामीत लिहून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि दाखवा. पाठ करायचंच असेल तर 'तोय आन चाय' एवढं करा, मी चाय खाते.

हा चाय प्रकार आपल्यासारख्या लोकांसाठी केलेला नाही, त्यांचा स्वतःचा आहे, बौद्ध परंपरेतला. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, तिथली साधी माणसंसुद्धा मांस सोडतात आणि चाय खानावळींत गर्दी होते. कडक पाळणारे कांदा-लसूणही टाळतात. आईंना हे सांगा, त्यांना बरं वाटेल, माझ्या ग्रुपमधल्या माळकरी आजींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या म्हणजे आपलीच माणसं की. फक्त एक धक्का बसू शकतो. चाय खानावळीत सोयाबीन आणि गव्हापासून हुबेहूब मांसासारखे पदार्थ करतात. एका काकूंच्या ताटात कोंबडीची तंगडी आली, त्या उठून बाहेरच गेल्या, मी खाऊन दाखवली, आतलं हाड म्हणजे गवती चहाची काडी होती, तरी त्या दिवशी त्या केळ्यांवरच राहिल्या. त्यामुळे मी आता आधीच सांगून ठेवते की दिसण्यावर जाऊ नका.

फसायला होतं ते साध्या हॉटेलात. तिथे 'भाज्यांचा फो' मागितला तर मिळतो, वर टोफू, मशरूम सगळं असतं, पण पाणी त्याच हाडांच्या पातेल्यातलं असण्याची शक्यता भरपूर. परतलेली पालेभाजी बघायला निष्पाप, पण त्यात नुक माम असतं. नुक माम म्हणजे फिश सॉस, बारीक मासळी आणि मीठ लाकडी पिंपांत महिनोन्महिने मुरवून काढलेला अर्क, फु क्वोक बेटावरचा सगळ्यात नावाजलेला. त्यांच्याकडे ते मिठासारखंच, त्यामुळे 'मासे नको' म्हटलं तरी ते घालतात, त्यांच्या मनात काही नसतं, मीठ घातलं तर सांगायचं काय असतं. म्हणून फिश सॉस नको हे वेगळं सांगायचं. हनोई आणि सायगाव (म्हणजे हो ची मिन्ह सिटी, हे तिचं जुनं नाव) दोन्हीकडे चाय खानावळी भरपूर आहेत, हॉटेलपासून चालत जाता येईल अशा दोन-तीन नकाशावर आधीच खुणा करून ठेवा, दिवसातून एक जेवण आईंचं तिथे, बाकी नाश्ता हॉटेलात. भारतीय रेस्टॉरंटंही आहेत पण रोज तिथे गेलात तर ठाण्यातच बसलेलं काय वाईट.

आणि मधे एकादशी आलीच तर घाबरू नका, उकडलेल्या शेंगा, रताळी, शहाळं, केळी, पपई, ड्रॅगनफ्रूट, गाडी गाडीवर मिळतं. दशम्या-चटणी न्याच, विमानाच्या रात्रीसाठी लागतात.

तुम्ही स्वतः काय खाता ते लिहिलं नाहीत. गोमांस खात नसाल तर शब्द लक्षात ठेवा, बो म्हणजे गाय-बैल, गा म्हणजे कोंबडी. गंमत बघा, आपल्याला गा म्हटलं की गाय आठवते, तिथे कोंबडी. फो बो टाळायचा असेल तर फो गा मागा. फो खायचा तर सकाळी, सहा-सात वाजता, रात्री हॉटेलच्या बुफेत नाही. पातेलं रात्रभर उकळलेलं असतं, आलं आणि कांदा आधी विस्तवावर काळे होईपर्यंत भाजून घातलेला, त्यात दालचिनी, चक्रफूल, मसाला वेलची. पहिला घोट घेतल्यावर ओळखीचा वास येतो आणि कुठला ते आठवत नाही, मग लक्षात येतं, गोडा मसाला! आणि यात काही आश्चर्य नाही, आपल्याकडे वापरतात त्यातलं बरंच चक्रफूल आणि दालचिनी व्हिएतनाममधूनच येते, चक्रफुलाची झाडं तिकडे उत्तरेला चीनच्या सीमेजवळ लांग सोन भागात आहेत. ज्यांच्या मसाल्याच्या डब्यात ते वर्षानुवर्षं पडून असतं त्यांना त्याचा पत्ता माहीत नसतो.

आपल्या लोकांची पहिली तक्रार ठरलेली, 'फिकं आहे'. आहेच, तसं म्हटलं तर. तेल नाही, मसाला वाटून घातलेला नाही. पण हनोईचा फो तसाच असतो, साधा, बरोबर लसणाचं व्हिनेगर आणि मिरची. सायगावला तोच फो जरा गोडसर होतो आणि शेजारी मोड, तुळशीच्या जातीचा पाला, लिंबू, सॉस असं अख्खं ताट येतं, ज्याने त्याने आपापली चव करून घ्यायची. मला स्वतःला हनोईचा आवडतो, यावर माझं आणि माझ्या तिथल्या गाइडचं दर फेरीला भांडण होतं, तो सायगावचा आहे.

बायकोला बान सेओ नक्की द्या. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, तव्यावर टाकलं की चर्र होतं, नावातला 'सेओ' म्हणजे तोच आवाज. आपलं घावनच, फक्त कुरकुरीत, आत कोळंबी आणि डुकराचं मांस आणि मोड, आणि ते पानात गुंडाळून बुडवून खायचं. चाय खानावळीत मशरूमचं मिळतं, ते आईंनाही चालेल. माझ्या ग्रुपमधल्या कोकणातल्या बायका हे खाऊन एकदम घरच्यासारख्या वागायला लागतात, एकदा एकीने कढईपाशी जाऊन त्या बाईला उलटायचं कसं ते दाखवलं, दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं.

कॉफीचं थोडक्यात. ब्राझीलनंतर जगात सगळ्यात जास्त कॉफी तिथे पिकते, कडक रोबस्टा जातीची, कंडेन्स्ड मिल्क घालून बर्फावर. हनोईची अंड्याची कॉफी प्रसिद्ध आहे, १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती म्हणून एका हॉटेलातल्या माणसाने पिवळा बलक फेटून घातला तिथून ती आली. आईंना ती नको, त्यांना नारळाची कॉफी द्या, ती मिळते, आणि त्या परत मागतील.

आता आठ दिवसांचं. हे सगळं खाणं भागाभागाचं आहे, वेळेवेळेचं आहे, बुन चा दुपारी हनोईत, काओ लाउ नावाच्या नूडल्स फक्त होई आनमध्ये. पॅकेजवाले आठ दिवसांत चार शहरं आणि रोज रात्री भारतीय बुफे देतात, त्यात तुम्ही व्हिएतनाम बसमधून बघता. डिसेंबरात मध्य व्हिएतनाममधल्या होई आन आणि हुए या शहरांकडे पावसाचा जोर असू शकतो, हनोईत गारवा, स्वेटर लागेल, सायगावला कोरडं ऊन. आई बरोबर आहेत म्हणून मी हनोई चार रात्री (त्यातच हा लाँग किंवा निन बिन्ह) आणि सायगाव तीन एवढंच करेन. पण आईंचे गुडघे कसे आहेत यावर बरंच अवलंबून, ते लहान स्टूल प्रकरण त्यांना जमणार नाही कदाचित, खुर्च्या असलेली दुकानंही असतात, थोडी शोधावी लागतात.

गोव्याचं. आपण ई-व्हिसा नोव्हेंबर २०१४ मध्येच सुरू केला, ४३ देशांना, आणि पहिल्या नऊ विमानतळांत गोवा होता. म्हणजे कडी आपणही काढली, आणि व्हिएतनामच्या कितीतरी आधी. पुढे उतरल्यावर टॅक्सीचं काय, रात्री जेवायला चालत जाता येतं का, शंभर-दोनशे रुपयांत स्थानिक माणूस जे खातो ते पाहुण्याला मिळतं का, तिथे फरक पडतो. हनोईत फोचा वाडगा ५०-७० हजार डाँगला मिळतो, आकडा ऐकून छातीत धस्स होतं पण रुपयाला तीनशेच्या आसपास डाँग, म्हणजे दोनशे रुपये. शेजारच्या स्टुलावर तिथला बँकेतला कारकून तेच खात असतो. गोव्यात शित-कढी तशी मिळते, पण ती कुठे मिळते हे पाहुण्याला कोण सांगतं?

तर आधी एक काम करा. आईंचा पासपोर्ट काढा आणि आडनावाचा रकाना भरलेला आहे का बघा, आणि तो सहा महिने तरी चालू आहे ना तेही. रकाना रिकामा असेल तर इथेच लिहा (नंबर बिंबर टाकू नका, नुसतं रिकामा आहे एवढंच), मग फॉर्ममध्ये नाव कसं टाकायचं ते सांगते. एजंटला ॲडव्हान्स अजून दिला नसेल अशी आशा आहे.